हाकणाऱ्याचे पाय

"ह्यातला येगळा कोणता?"

हिराने बराखीच्या तोंडाशी चार कांदे ओळीने मांडले होते. बराखीत साठवलेला कांदा निवडायचं काम सुरू होतं आणि कार्तिकी ढिगापुढे मांडी घालून बसली होती. तिने चौघांकडे एकदाच पाहिलं.

"तिसरा. त्यो डेंगळा हाये. मान जाड हाये त्याची."

"मग पुस्तकात का चुकतं गं तुजं? तितं चार आकृत्या, हितं चार कांदे. येगळी वळखायची, एवढंच तर हाये."

"पुस्तक उगडलं की तू वरडतीस," कार्तिकी म्हणाली.

हिराने तिच्या पाठीत धपका घातला. लेक खोटं बोलली असती तर कदाचित घातला नसता. रस्त्यापलीकडे गोरख सरांच्या बंगल्यावरून पोरांचा पाढे म्हणायचा गलका येत होता. बंगल्याला आडवा फ्लेक्स होता, त्यावर नवोदयला लागलेल्या पोरांचे फोटो आणि मधोमध खुद्द गोरख, सगळ्यात मोठा. अख्ख्या बोरी बुद्रुकची पोरं तिथे जात. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचीही येत. जात नव्हती ती फक्त समोरच्या घरातली.

"अगं, समोर तर हाये," हिराचा नवरा भिका म्हणे. बाजाराच्या दिवशी बेल्ह्याला पिकअपमधून जनावरं पोचवणारा हा साधा माणूस. भांडण दिसलं की तो गाडीचं ऑइल बघायला जायचा. "गोरख न्हाई म्हणायचा न्हाई. नात्यातला हाये."

"त्याच्या जिन्याची पायरी माजी पोरगी चढणार न्हाई. आन तरी नवोदयला लागंल. आन त्याचं पोरगं लागणार न्हाई."

शेवटचं वाक्य ती पहिल्या दोन वाक्यांपेक्षा जोरात म्हणायची.

गोरखचा ऋतिक आणि हिराची कार्तिकी गावच्या शाळेत पाचवीत एका बाकावर बसत. नवोदयची परीक्षा पाचवीत, आणि सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पास झालेलं पोर सहावीपासून शिक्रापूरला वसतिगृहात राहून शिकतं. हिराला त्यातली परीक्षा तेवढी दिसत होती. वसतिगृह दिसतच नव्हतं.

आता ही खुन्नस कुठली, ते सांगायला हवं.

लग्नाआधी हिराला पहिलं स्थळ आलं होतं ते याच गोरखचं. तो डीएड झालेला, आणि हिरा दहावीला गणितात गचकलेली. तिचा बाप राघू मेंढरं घेऊन हिंडायचा. आळेफाट्याजवळ कळपात टँकर घुसला, मेंढरं गेली आणि राघूचा डावा पाय मोडला. तो वाकडा जुळला तो कायमचाच. बघायला पाहुणे आले त्या दिवशी तो पाय सतरंजीवर लांब सोडून बसला होता, कारण दुमडता येतच नव्हता. पोहे झाले, नाव-गाव झालं. मग गोरखने विचारलं, "गणित येतं का? पन्नास मेंढ्या आन त्यांना हाकणारा एक माणूस. मिळून पाय किती?"

"दोनशे," हिरा घाईघाईत म्हणाली.

"मग हाकणाऱ्याला पाय न्हाईत व्हय?"

कुणी तरी फिसकन हसलं. मग सगळ्यांची नजर सतरंजीवरच्या त्या पायावर गेली. तेवढ्यात राघू स्वतःच हसला. मोठ्यांदा, मांडीवर थाप मारून हसला. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून बापाने आपल्याच मोडक्या पायावर हसावं, हे हिराने मान खाली घालून ऐकलं. स्थळ फिसकटलंच. पुढे वर्षभरात तिचं भिकाशी जमलं आणि वरात उतरली ती नेमकी गोरखच्या दारासमोर. देवाला कधी कधी दुसरं काम नसतं. आई गेल्यावर राघूही लेकीकडे राहायला आला. समोरच्या बंगल्यातला मास्तर त्याला रोज "राम राम, आबा" म्हणे आणि म्हातारा दोन्ही हात जोडून राम राम घाली. हिराच्या अंगाचा तिळपापड होई.

तर ती आळेफाट्याहून गाइड घेऊन आली. आधी स्वतः शिकली, मग लेकीला शिकवलं. दहावीला न समजलेले अपूर्णांक तिला भाकरीचे तुकडे करता करता समजले. आरशातली आकृती समजावी म्हणून तिने ट्रंकेतला लग्नातला आरसा काढला. कार्तिकीचं खेळणं बंद झालं, मामाच्या गावी जाणं बंद झालं. चुकलं की धपका, बरोबर आलं की "पुढलं". शाबासकी ती विसरूनच गेली होती. पोरगी शाळेत ऋतिकशी बोलते हे कळलं तेव्हा तिने बाक बदलून मागितला. गुरुजींनी दिला नाही.

चंपाषष्ठीला घरात खंडोबाची तळी उचलली. ताटाला सगळ्यांचे हात लागले, येळकोट झाला, भंडारा उधळला. राघूने नातीच्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाला, "माग देवाला, पास कर म्हणून." हिरानेही डोळे मिटले. तिने जे मागितलं ते असं होतं: देवा, माजी पास न्हाई झाली तरी चालंल, पर समोरच्याचं होऊ नको.

असला नवस खंडोबाने याआधी ऐकला असेल की नाही कुणास ठाऊक. पण परीक्षा झाली, उन्हाळ्याच्या तोंडावर निकाल लागला आणि देवाने मागितल्यापेक्षा जास्त दिलं. कार्तिकी लागली. ऋतिक राहिला. एवढंच नव्हे, गोरखच्या क्लासचं त्या वर्षी एकही पोर लागलं नाही.

हिराने अंगणात उभं राहून पेढे वाटले. बंगल्याकडे तोंड करून वाटले.

चार दिवसांनी गोरख आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात शाल-नारळ, मागे मान खाली घातलेला ऋतिक.

"वहिनी, अभिनंदन. गावाचं नाव काढलं पोरीनं." तो खुर्चीच्या टोकावर बसला. "एक इनंती व्हती. कार्तिकीचा फोटो द्या. फ्लेक्सवर लावतो. खाली आमच्या क्लासचं नाव. न्हाई तरी तुमच्या अंगणात आमचे पाढे ऐकू येत्यातच की." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "यंदा फ्लेक्स लागला न्हाई तर पुढल्या वर्षी पोरं येणार न्हाईत."

हिरा आत गेली आणि पोहे करायला घेतले. शेंगदाणे, वरून खोबरं, लिंबाची फोड, सगळं त्या दिवशीसारखं. राघू ओट्यावर पाय लांब सोडून बसला होता. बशा दिल्यावर तिने ऋतिकला समोर सतरंजीवर बसवलं.

"नाव काय बाळा?"

"काकू, तुमाला म्हाईत हाये की."

"सांग तरी."

"ऋतिक."

"गणित येतं का?"

पोराने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "येतं येतं. इचारा की."

"पन्नास मेंढ्या आन त्यांना हाकणारा एक माणूस. मिळून पाय किती?"

ऋतिकचे ओठ हलले. निकाल लागल्यापासून त्याला घरात सगळे काही ना काही विचारतच होते. "दोनशे," तो घाईघाईत म्हणाला.

"मग हाकणाऱ्याला पाय न्हाईत व्हय?"

पोराचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आणि गोरख हसला. मोठ्यांदा, मांडीवर थाप मारून. "घाबरलंय वहिनी पोरगं! लई येंधळं!" तो हसत होता आणि डोळे मात्र पोरावरून हलत नव्हते.

हिराने हे हसू बरोबर ओळखलं. इतकी वर्षं ती याच हसण्याची वाट बघत होती, आणि ते आलं तेव्हा नकोसं झालं. भिका असता तर ऑइल बघायला गेला असता.

"सर, आठवलं का काय?"

"काय?"

"तुमी मला बघाया आल्ता. हाच प्रश्न घातला व्हता."

गोरखने खरंच आठवून पाहिलं. "व्हय? तवा लई ठिकाणी गेल्तो वहिनी. ह्यो प्रश्न मी समद्यांनाच घालायचो. तुमी काय सांगितलं व्हतं?"

त्याला आठवतच नव्हतं! ज्या वाक्यावर तिने अर्धं आयुष्य भट्टी पेटती ठेवली, ते त्याने गावोगाव पोह्यांबरोबर वाटलं होतं.

सतरंजीवर ऋतिकच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं. राघूने ओट्यावरून हाक मारली. "हिकडं ये रं." पोर गेलं. म्हाताऱ्याने त्याचा हात धरून आपल्या वाकड्या नडगीवर ठेवला. "हात लावून बघ. हाये ना पाय? वाकडा हाये, म्हणून चटकन ध्येनात येत न्हाई. चूक व्हती माणसाची." पोराने त्या हाडावरून बोट फिरवलं आणि नाक वर ओढलं.

स्वयंपाकघराच्या दारात कार्तिकी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

हिराने फोटो दिला नाही. शाल-नारळही परत दिला. गोरख गेल्यावर ती बापावर उखडली. "आबा, मी हे समदं तुमच्यासाठी केलं!"

"मला इचारलं व्हतंस?" राघू म्हणाला. "त्यो बी बापच हाये, हिरे."

तिचा राग मग आणखी वाढला, कारण आता तो ठेवायला जागा उरली नव्हती. तिने स्वतःचा फ्लेक्स छापून आणला, बंगल्यावरच्यापेक्षा हातभर रुंद. त्यावर कार्तिकीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'मार्गदर्शक : आई'. तो तिने बरोबर गोरखच्या खिडकीसमोर बांधला. भिकाने दोऱ्या ओढल्या.

वसतिगृह तिला दिसलं ते थेट पेटी भरताना. दोन चादरी, एक बादली, कुलूप. तिने लेकीचे कपडे घातले, काढले, पुन्हा घातले. पोरगी अकरा वर्षांची, अजून वेणी स्वतः घालता येत नव्हती. कार्तिकीने केस कापून घेतले.

पोचवायला राघूही आला होता. शिक्रापूरच्या शाळेच्या फाटकाशी हिराला रडू फुटलं. कार्तिकी रडली नाही. ती म्हणाली, "आये, माजी पुस्तकं ऋतिकला दे. नववीत घ्यायला परत येगळी परीक्षा असती. तू शिकव त्याला. तुला शिकवता येतं."

"बरं."

"वरडू नको त्याच्यावर."

ती आत गेली. मागे वळून पाहिलं ते फक्त आजोबाकडे.

पुस्तकं फळीवरच राहिली. पावसाळा लागला आणि बराखीच्या एका बाजूने पाणी आत यायला लागलं, तेव्हा भिकाने न विचारता फ्लेक्स सोडला आणि कांद्यावर आडवा बांधला. कार्तिकीचा चेहरा आतल्या बाजूला गेला. हिरा कांदा निवडायला बसली की तो तिच्या अगदी समोर यायचा. डेंगळा बाजूला काढताना तिच्या तोंडून अजून निघायचं, "येगळा कोणता?"

रविवारी वसतिगृहातून फोन आला. जेवण कसं, थंडी वाजते का, सगळं विचारून झालं.

"आये, ऋतिकला शिकवतीस ना?"

राघू बाजेवर बसला होता. हिराने त्याच्याकडे पाठ केली.

"व्हय की. रोज येतो."

"आत्ता हाये का? त्याला फोन दे."

समोर बराखी, कांदे, उलटा फ्लेक्स. काय सांगावं? तिने वळून पाहिलं तर बाज रिकामी होती. राघूने काठी घेतली होती आणि अंगण ओलांडलं होतं. वाकडा पाय एकेक पावलाला चिखलातून ओढून काढत तो रस्ता पार करत होता. बंगल्याच्या जिन्याशी तो थांबला आणि वर तोंड करून त्याने हाक घातली, "ऋतिक! ए ऋतिक!"

"आये? हाये का त्यो?"

"थांब," हिरा म्हणाली. "फोन ठिवू नको. येतोय."

आणि तिने फळीवरची पुस्तकं खाली काढली.