लाल टाचणीखालचं प्रश्नचिन्ह

मित्रांनो, मी एक जुनी टाचणी आहे. डोकं लाल, वाटाण्याएवढं. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, कुणा शिंप्याच्या हाती पडेन. नशिबाने नेलं छावणीतल्या नकाशाच्या खोलीत.

तिथले नकाशे एक हवालदार सांभाळत. सगळे त्यांना तात्या म्हणत. एके सकाळी उडती खबर आली, उत्तरेच्या पुलाजवळ शत्रू दिसला म्हणे. तात्यांनी तिथे पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं आणि नेमकं त्याच्यावर मला टोचलं. माझ्या डोक्याखाली ते झाकून गेलं. लांबून दिसत होते ती मीच. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व झाला होता.

मेजरसाहेब शिस्तीचे. आघाडीच्या ठाण्यावर रसद पाठवायची, म्हणून त्यांनी फळ्यावर तीन योजना मांडल्या, सात कसोट्या लावल्या, प्रत्येकीला गुण दिले. काम अगदी चोख! पण तिन्ही योजनांतल्या गाड्या दक्षिणेच्या खिंडीतूनच जायच्या, कारण शत्रू उत्तरेला, माझ्यापाशी. फरक फक्त वेळेचा आणि गाड्यांच्या संख्येचा. मला काढून बघावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

चौथ्या दिवशी तात्या चिठ्ठी घेऊन आले.

"साहेब, एक मेंढपाळ म्हणतोय, खिंडीत माणसं लपलीत."

"अहो तात्या, बाकीचे अहवाल पुलाशी जुळताहेत ना? एका मेंढपाळासाठी टाचणी हलवायची? लावली कुणी होती?"

"मीच, साहेब."

"मग?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या हाताने लावलेली, त्यामुळे त्यांनाही माझी खात्री वाटू लागली होती. प्रश्नचिन्ह ते विसरूनच गेले होते. चिठ्ठी 'संशयास्पद' लिहिलेल्या ट्रेमध्ये गेली. न जुळणाऱ्या आणखी दोन चिठ्ठ्या तिथे आधीच पडल्या होत्या.

त्याच दिवशी निघालेल्या रसदीच्या पहिल्या गाडीवर तात्यांचा धाकटा भाऊ चालक होता. खिंडीतून तीन गाड्या परत आल्या नाहीत. त्यांत ती पहिली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला उपटलं. खाली त्यांच्याच हातचं प्रश्नचिन्ह.

"मीच काढलं होतं हो, साहेब," एवढंच ते बोलले. मेजरसाहेब भिंतीला टेकून उभे राहिले.

मला तोंड नव्हतं, हे खरं. पण म्हणून माझा अपराध कमी होत नाही. त्या प्रश्नावर मी चार दिवस ऐटीत बसले होते.

आता मी प्रशिक्षणाच्या वर्गात असते. मेजरसाहेब शिकवतात. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे मला उपटायचं आणि खाली काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं. नकाशे अजून तात्याच आणतात, पण मला हात लावत नाहीत. उपटल्यावर मला ठेवायची डबी दुसऱ्या कुणाकडे तरी सरकवतात.

मित्रांनो, तुमच्याही मनात एखादी टाचणी घट्ट बसली असेल. अधूनमधून ती उपटून खाली बघत जा. माझ्यासाठी नको, पहिल्या गाडीवरच्या त्या चालकासाठी.