डोळ्याच्या गाडीवरचा चिखल

“पुन्हा इथंच राहिलं. दर खेपेला आपलं इथंच.”

माझ्या मागच्या चाकाशी उकिडवी बसून शकुबाई पुटपुटायची आणि पदराखालून ओला फडका काढून उरलेला चिखल पुसायची. नवरा चहाला गेलेला असे, तेवढ्यात.

मित्रांनो, मी एक जुनी मोठी मोटार आहे. नाशिकच्या एका धर्मादाय संस्थेनं गावोगाव डोळ्यांची शिबिरं घ्यायला एकाहत्तर साली मला बांधून घेतलं. पोटात झोपायला बाकडी, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि डॉक्टरांचं टेबल. म्हणजे घरच, फक्त खाली चाकं. बाहेरून मी पांढरीशुभ्र, आणि दोन्ही अंगांवर परातीएवढा एकेक डोळा रंगवलेला. म्हणून लोक मला डोळ्याची गाडी म्हणत.

जयराम माझा ड्रायव्हर. शकुबाई त्याची बायको, शिबिराचा स्वयंपाक तिच्याकडे. दोघांना दुसरं घर नव्हतं, माझ्यातच राहायचे. गावात पोचलं की जयराम माझ्या डाव्या अंगाला अक्षरांचा तक्ता टांगायचा आणि लोक एक डोळा झाकून वाचायला उभे राहायचे.

दौऱ्यावरून परतलं की हौदापाशी माझी आंघोळ. जयराम शिडीवरून टपावर चढायचा, वरून खाली पाणी सोडायचा, बांबूला बांधलेल्या काथ्याच्या ब्रशानं घासायचा आणि जुन्या धोतरानं कोरडं करायचा.

“जयरामभाऊ, गाडी धुताय का नवरीला हळद लावताय?” भिमाजी कंपाउंडर विचारायचा.

“नवरी एवढी गप उभी ऱ्हाते व्हय?” जयराम म्हणायचा.

मी गप उभी राहायचे. लाजायला होत असे, पण आवडायचं.

चौऱ्याऐंशीच्या सुमारास जयराम माझा एकच रंगवलेला डोळा तीनदा घासू लागला आणि त्याच्या खालचा चिखलाचा पट्टा तसाच सोडू लागला. शकुबाईला आधी कळलं, मग मला. तिनं फडका हाती घेतला तो तेव्हापासून. ड्रायव्हरकी गेली तर चाकांवरचं घरही जाणार, हे तिला ठाऊक होतं.

भिमाजी मागची जागा सोडून पुढं बसू लागला. “डाव्या हाताला बैल हायेत बरं का भाऊ, काय देखणे हायेत.”

“व्हय, लय देखणे,” जयराम म्हणायचा आणि मला उजवीकडे घ्यायचा. त्यानं बैल पाहिलेलेच नसायचे. तरी सिन्नरच्या रस्त्यावर एका बैलगाडीचं जू मला ओरखडून गेलंच. गाडीवान थोडक्यात वाचला.

त्यानंतर डॉक्टरांनी एकदा जयरामला तक्त्यासमोर उभं केलं. तेरा वर्षं रोज टांगलेला तक्ता तो. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टर म्हणाले, “नजर अजून तरुण आहे तुमची.” तक्ता माझ्या अंगावर होता, मित्रांनो. तो वाचताना जयराम माझ्याकडे बघतच नव्हता. बोलता आलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. ज्यांना बोलता येत होतं, ते सगळे मायेपोटी गप्प होते.

आता मी आवाराच्या कोपऱ्यात चाकांविना उभी आहे. अंगावर बोटभर धूळ आहे. तिचं काही नाही. पण तुमच्या घरात कुणी पेला चाचपून उचलू लागलं, तर मागून गुपचूप सांडलेलं पुसत बसू नका. हात धरून डॉक्टरकडे न्या. जयरामला लवकर आणलं असतं तर थोडी नजर उरली असती, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

हे गुपित फुटलं त्या सकाळी, रात्रीच दौऱ्यावरून परतलेलं असताना, लगेच पेठच्या घाटात जायचं होतं. आत डॉक्टर, दोन नर्सबाई, औषधांच्या पेट्या. जयरामनं शेवटची बादली उपडी केली.

“बघ, आरशावानी केली का नाय?”

भिमाजी रिकामी बादली उचलून हौदाकडे वळला. शकुबाईनं त्या दिवशी फडका आणला नव्हता. तिनं नवऱ्याचा ओला हात धरला आणि रंगवलेल्या डोळ्याखाली माझ्या अंगावर टेकवला.

“काय हाय हे?”

त्यानं बोटं चोळली. “चिखल. राहिला वाटतं जरासा.”

“दर खेपेला राहतो. मी पुसते मागून.” तिनं हात सोडला नाही. “अवं, तुम्हाला दिसत नाय.”