आळ आला निऑनच्या ट्रान्सफॉर्मरवर

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. जुना म्हटलेले मला चालते. निकामी म्हटलेले चालत नाही.

स्वीडनमधल्या नोरशपिंगच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडाच्या पातळ पट्ट्या रचल्या, तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिले आणि वरून कढत डांबर ओतले. घरातली साधी वीज घ्यायची आणि तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवायचा, हे माझे काम. समोरून कोणी कितीही ओढले तरी ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह मी सोडत नाही. या गुणाचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

मला एका बेकरीच्या दारावर बसवले. तिथे गाठ मारलेल्या पावाच्या आकाराची निऑनची लाल नळी होती. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडायचा, तेव्हा लोक माझ्या उजेडावर दुकान शोधत यायचे. बेकरीवाला हिल्डिंग कुलूप उघडताना वर बघून म्हणायचा, "पेटला बाबा." बस्स, एवढेच कौतुक. आमच्याकडे कौतुक मोजूनमापूनच करतात.

पुढे हिल्डिंग थकला, बेकरी गेली, तिथे मोबाइलचे दुकान आले आणि त्याने प्लास्टिकची चकचकीत पाटी लावली. मला त्याच इमारतीच्या तळघरात, बर्फावर घसरायच्या मोडक्या स्कींच्या मागे ढकलले. किती वर्षे तिथे धूळ खाल्ली, कोण जाणे. मी गंजलो मात्र नाही.

तिसऱ्या मजल्यावर टूरा राहते. दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने तळघरात छोटी टेस्ला कॉइल बांधायला घेतली होती. ही कॉइल हवेत जांभळ्या ठिणग्या उडवते. तिला वीज कोण पुरवणार, एवढाच प्रश्न उरला होता. इमारतीचा अध्यक्ष रुनार म्हणाला, "मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर घे की. फुकट मिळतो."

"आणि हात लागला तर? त्याला थांबणं माहीत नाही, रुनार. तुला माझ्या जागी दुसरी भाडेकरू शोधावी लागेल."

मग तिने निऑनच्याच कामाचा एक नवा, हलका, देखणा डबा आणला. पहिल्याच ठिणगीला त्याने डोळे मिटले. वीज कुठे गळतेय अशी शंका आली की बंद पडायचे, हा त्याचा स्वभाव. पाटीसाठी तो चांगलाच आहे. मी त्याला नावे ठेवत नाही. बरे, थोडी ठेवतो.

शेवटी स्कींच्या मागे मी टूराला दिसलो आणि माझी धूळ झटकली गेली. कॉइलमध्ये ठिणगी पडते तेव्हा दर वेळी माझी दोन टोके जणू एकमेकांना भिडतात. दुसरा कोणी त्यात जळून गेला असता. मी गुणगुणत राहिलो. कॉइलच्या डोक्यावरून वीतभर ठिणग्या उडाल्या आणि टूरा खुर्चीत बसून एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी आकाश कोसळले. शेजारच्या, सगळ्या इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीच्या भिंतीवर कपडे धुवायच्या वेळा राखून ठेवायचा संगणकाचा एक पडदा आहे. तो कोरा झाला होता. सगळ्यांच्या वेळा पुसल्या गेल्या. आमच्याकडे माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण धुलाईची ठरलेली वेळ नाही. एका मशीनपुढे चार टोपल्या उभ्या राहिल्या.

"ही माझी वेळ आहे."

"असेल. पण कशावरून?"

आवाज कोणीच चढवला नाही, म्हणूनच जास्त भीती वाटत होती. कालच्या ठिणग्या आठवून रुनारने माझ्याकडे बोट दाखवले आणि निकाल दिला, "म्हातारा आतून फुटलाय. शनिवारी भंगाराची गाडी येते, घाल त्यात."

मला ओढत दारापाशी नेले आणि फाटक्या गादीशेजारी ठेवले. मित्रांनो, मी रडलो नाही. मी संतापलो. तपासले नाही, विचारले नाही, वय पाहिले आणि गुन्हा ठरवला! मला जीभ असती तर सगळी इमारत ऐकत बसली असती.

शनिवारी सकाळी गाडीचा आवाज आला तेव्हा टूरा धावत खाली आली. "थांबा. आधी मोजून बघू दे मला." तिने मला मीटर लावला. दोन्ही बाजू सारख्या, ठणठणीत. मग ती कॉइलच्या बुडाशी बांधलेल्या तारेच्या मागे मागे चालत गेली. ती तार जमिनीत जायला हवी होती. टूराने ती जवळच्या नळाच्या पाइपला बांधली होती, आणि तो पाइप सरळ धुलाईखोलीत जात होता. वरच्या ठिणग्यांचा सगळा धक्का त्या वाटेने पडद्यापर्यंत पोचला होता.

संध्याकाळी धुलाईखोलीत सभा भरली. कॉफी होती, दालचिनीचे पाव होते, चेहरे लांब होते. टूरा उभी राहिली. "चूक माझी आहे. तार मी पाइपला बांधली. पडद्याचे पैसे मी भरून देते. पण ट्रान्सफॉर्मर कुठेही जाणार नाही."

सगळ्यांत वयस्कर शेजारीण मायकेनने कप खाली ठेवला. "मंगळवारची सकाळ माझी होती, माझीच राहील. आणि ज्याच्या पायी एवढा घोळ झाला, ते पेटवून तरी दाखव."

नवा पडदा बसला, मग अंगणात तांब्याची सळई ठोकली. हातोडा रुनारनेच मारला, पण माफी काही मागितली नाही. ते माझ्या लक्षात आहे. तार सळईला बांधली, सगळ्यांना लांब उभे केले आणि मी पेटलो. धुलाईखोलीतला नवा पडदा या वेळी कोरा झाला नाही.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला कोरडे ठेवा आणि माझ्या तारांना कधीही हात लावू नका, कारण मी दयाळू नाही. आणि पुन्हा कधी काही बिघडले, तर सगळ्यांत जुन्याकडे बोट दाखवण्याआधी तार कुठे बांधली आहे ते पाहा. त्यानंतरही दोष माझाच निघाला, तर गाडी बोलवा. मी स्वतःच्या वजनाने तिचे टायर चपटे करीन.