वहीतलं निरीक्षण

धम्मदीप सरांनी काचेच्या दोन बाटल्यांत मॅग्नेशियमच्या सारख्याच फिती सोडल्या आणि तोंडांवर झटपट फुगे चढवले. डावीकडं हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे तीव्र. त्यावर लाल फुगा. उजवीकडं व्हिनेगर, म्हणजे सौम्य, त्यावर पिवळा. लाल फुगा बघता बघता उभा राहायला हवा होता.

उभा राहिला तो पिवळा. लाल आपला मान टाकून पडलेला.

मागच्या बाकावर संस्थेचे सचिव भिवाजीराव एका मुलाची वही चाळत बसले होते. हट्टा गावाकडच्या या खासगी शाळेत सर सहा वर्षं तासिका तत्त्वावर राबत होते. आजचा पाठ पसंत पडला तर कायम, नाही तर जूनपासून घरी, इतका सरळ मामला होता.

सरांनी दाराकडं पाहिलं. तिथं उभा असलेला शिपाई कोंडीबा चेहरा पाडून पुढं आला आणि कानाशी पुटपुटला,

"म्याच पानी घातलं सर त्या ॲसिडच्या बाटलीत. मागल्या साली एका लेकराचा हात पोळला व्हता. कुनाला सांगू नगा."

आता सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी. खरं बोललं की कोंडीबा जाणार आणि त्याच्या मागोमाग सर. शिवाय वह्यांत निरीक्षण परवाच लिहून घेतलेलं. शाळेची रीतच ती: पाहुणे येणार म्हटलं की निरीक्षण आधी, प्रयोग नंतर.

"काय दिसलं, सांगा बरं," भिवाजीराव म्हणाले. "तू ऊठ, पोरी."

उझ्मा उठली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिनं फुग्यांकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, मग सरांकडं.

"सर, पन पिवळा..."

"वहीत लिव्हलंय ते वाच," सर म्हणाले.

"तीव्र आम्लावरचा फुगा आधी फुगला," तिनं वाचलं आणि ती खाली बसली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिवाजीरावांनी त्यांना व्हरांड्यात बोलावलं.

"मी वीस वर्षं विज्ञानच शिकवलं, सर. फुगे दिसले मला."

सर घाईघाईनं म्हणाले,

"साहेब, मी सांगणारच होतो..."

"काहून सांगता? तुमी पोरीला बराबर गप बसवलं, तेवढंच पाहायचं होतं. असेच मास्तर लागतात आपल्याला. जूनपासून कायम समजा."

ते जिना उतरून गेले. सर तसेच वर्गात परतले. तास संपायला वीस मिनिटं होती. बोर्डाच्या परीक्षेसाठी जपून ठेवलेली आम्लाची सीलबंद बाटली त्यांनी कपाटातून काढली आणि सगळा प्रयोग पुन्हा मांडला. निदान आता तरी मुलांना खरं दिसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"नीट बघा रे," ते म्हणाले.

लाल फुगा ताडकन उभा राहिला. त्याच्याकडं कुणीच पाहत नव्हतं. सगळा वर्ग सरांच्या तोंडाकडं बघत होता. उझ्मानं वहीचं नवं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

"सर, काय दिसलं म्हनून लिहू?"