मधली चाकोरी

“किंचाळायला काय झालं एवढं? वाचलो ना!” अर्डिस म्हणाली.

आमची गाडी अर्धी खडीवर आणि अर्धी ओल्या गवतात उभी होती. चढाच्या माथ्यावरून अचानक पुढ्यात आलेला पिकअप भोंगा वाजवत कधीच निघून गेला होता.

“तू मधून चालवत होतीस,” मी म्हटलं.

“मधून नाही तर काय शेतातून चालवू? सगळेच मधून चालवतात. तूही चालवतेस, बेव्ह. धूळ दिसली असती तर झाले असते की मी बाजूला! बर्फ वितळून सगळं चिखल झालंय, धूळच नाही, त्याला मी काय करू?”

खोटं नव्हतं ते. आमच्या नॉर्थ डकोटात खडीच्या रस्त्यावर चाकोऱ्या तीनच पडतात. मधली जाणाऱ्याची आणि येणाऱ्याचीही. समोर धूळ उठलेली दिसली की आपण उजवीकडे सरकायचं, आणि एकमेकांना ओलांडताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. तुम्ही बोट उचललं नाहीत तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की यांचं काहीतरी बिनसलंय. आमचे बाप असेच चालवायचे, आम्हीही असेच चालवतो.

अर्डिस नायगार्ड त्र्याऐंशी वर्षांची. त्या दिवशी ती राजधानीला निघाली होती, आमदारांच्या समितीपुढे बोलायला. ऐंशीच्या पुढच्या माणसानं दरवर्षी परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची, नापास झाला तर लायसन्स जमा, असं विधेयक आलं होतं. अर्डिस नापास होणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. दोन गाड्यांच्या मधे गाडी लावायची वेळ तिच्यावर जन्मात आली नव्हती. आमच्या गावात एका वेळी दोन गाड्या उभ्या असल्या तर लोक विचारतात, कोण गेलं?

आणि लायसन्स गेलं असतं तर मायलो गेला असता. इतकं सरळ होतं ते.

मायलो तिचा नवरा. अर्धांगवायू झाल्यापासून तो तालुक्याच्या वृद्धाश्रमात आहे, मी तिथेच स्वयंपाक करते. अर्डिस शेतावरून रोज येते आणि दुपारी बारा वाजता त्याला भरवते. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तो जबडा मिटतो, आणि मिटला की मिटलाच. मी केलंय, नर्सनं केलंय, पास्टरनंसुद्धा करून पाहिलंय. मागच्या हिवाळ्यात वादळानं रस्ते बंद झाले तेव्हा त्याच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. शेवटी सलाइन लावावं लागलं. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग अर्डिस आली, कोट न काढता त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, “आ कर, गाढवा.” त्यानं लगेच आ केला.

बस नाही, टॅक्सी नाही. मुलगा ॲरिझोनात. तो फोनवर म्हणतो, “आई, तिथल्या लोकांना भरवू दे ना, त्यांचं कामच आहे ते.” अर्डिस फोन ठेवते आणि म्हणते, “उन्हानं डोकं फिरलंय याचं.”

त्या दिवशी मायलोला पहाटेच भरवून आम्ही दोघी निघालो होतो. राजधानीतल्या विधानभवनाच्या उंच इमारतीत आम्ही समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. अर्डिस भाषण पुटपुटत होती. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, हिरवा दिवा लागला की सुरू, लाल लागला की बस. शेजारी एक साठीचा माणूस बसला होता, शेतकरीच, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. अर्डिसनं पर्समधून आंबटगोड वड्यांचा डबा काढला.

“घ्या. रुबार्बच्या वड्या आहेत. माझ्याच हातच्या.”

“आभारी आहे, मॅडम.” त्यानं एक घेतली. चावताना थांबला. “माझी बायको अशाच करायची. वर थोडी साखर भुरभुरवून.”

“साखरेनं चव बिघडते. सांगा तिला.”

तो किंचित हसला. तो कुठल्या बाजूनं बोलायला आलाय ते आम्ही विचारलं नाही. आमच्याकडे असं तोंडावर विचारत नाहीत. अर्डिसनं त्याला आणखी एक वडी दिली.

आत आधी विधेयकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना बोलावलं. पहिलं नाव त्याचंच निघालं, कर्टिस बोमन. अर्डिसनं माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

त्याच्या हातात कागद नव्हता. तो टेबलाची कड धरून बोलला.

“माझी बायको जोलीन दोन वर्षांपूर्वी चर्चची साफसफाई करून घरी येत होती. चढावर समोरून एक म्हातारा आला, रस्त्याच्या मधून. तो वाईट माणूस नव्हता. माझ्या वडिलांचा मित्र होता. नंतर तो घरी आला, टोपी हातात धरून दारात उभा राहिला. मला म्हणाला, कर्टिस, धूळ दिसली नाही रे. रात्री पाऊस पडून गेला होता ना. धूळ दिसली नाही. तो तेवढंच म्हणत होता.” दिवा अजून हिरवाच होता. “मला म्हाताऱ्यांवर राग नाही. पण कोणीतरी त्याच्या शेजारी बसून एकदा बघायला हवं होतं.”

अर्डिसनं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतली तरी मी हात सोडवला नाही. माझ्या डोळ्यांपुढे सकाळचा तो पिकअप होता.

विरोधात बोलणाऱ्यांत अर्डिसला पुकारलं तेव्हा ती लगेच उठली नाही. मला वाटलं, नाहीच उठणार. मग पर्स माझ्या मांडीवर ठेवून ती पुढे गेली. दिवा हिरवा झाला.

“मी अर्डिस नायगार्ड. माझ्या नवऱ्याचं नाव मायलो,” ती म्हणाली. इथवर भाषण पाठ होतं. “तो माझ्याच हातचं जेवतो. मी सोळाव्या वर्षापासून गाडी चालवते. धान्याचे ट्रक चालवलेत. कधी कुणाला...”

ती थांबली. समितीतल्या एकानं फोनवरची नजर वर केली.

“आज सकाळी मीही मधूनच आले,” ती म्हणाली. “धूळ नव्हती.”

कर्टिसनं मान खाली घातली होती.

अध्यक्ष म्हणून एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, “मॅडम, नोंदीसाठी विचारते. तुमचा विधेयकाला विरोध आहे की पाठिंबा?”

“मला माहीत नाही हो.” तिचा आवाज फाटला. “मला खरंच माहीत नाही. पण मायलो बारा वाजता जेवतो. तुम्ही काय वाटेल ते करा, पण त्याला कोण भरवणार ते सांगा. एवढे जण बसलायत, कुणीतरी सांगा ना!”

लाल दिवा लागला. “वेळ संपली, मॅडम,” कुणीतरी अगदी हळू म्हणालं.

बाहेर आल्यावर तिनं उरलेल्या वड्यांचा डबा कर्टिसच्या हातात ठेवला. पार्किंगमध्ये तिनं किल्ल्या माझ्यापुढे धरल्या.

“तू चालव.”

महामार्ग संपून खडी लागली. मी माझ्या विचारात होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “बेव्ह, उजवीकडे.” खाली पाहिलं तर मी मधल्या चाकोरीतून चालले होते.

त्या अधिवेशनात विधेयक बारगळलं. आमचे आमदार दोन वर्षांतून एकदा जमतात, म्हणजे निदान तोवर तरी चिंता मिटली. मी बातमी ऐकून धावतच अर्डिसकडे गेले. गाडी कोठारात होती, तिच्यावर ताडपत्री बांधलेली.

“अगं, सुटलीस! कायदा झाला नाही!”

“कायदा झाला नाही,” ती म्हणाली. “पण जोलीन मेलीच ना.”

मी भांडले. म्हटलं, अगं बाई, कडेकडेनं चालव, हळू चालव. तेही करून बघितलं होतं तिनं. पण ओल्या रस्त्यावर चढ आला की पाय ब्रेकवर जायचा, गाडी तिथेच थांबायची, आणि एकदा तर ती चढाच्या पायथ्याशी रडत बसली होती, मायलोची जेवणाची वेळ टळून गेली तरी. मग चर्चच्या बायकांनी पाळ्या लावल्या. बायका चांगल्या, पण पेरणी सुरू झाली आणि एकेक पाळी गळली. मी तर त्याच वेळी स्वयंपाकघरात अडकलेली. मायलो पुन्हा वाळायला लागला. मी चमचा नेला की डोळे मिटून घ्यायचा.

एका सकाळी अर्डिस दुधाच्या ट्रकवाल्याबरोबर आमच्या ऑफिसात आली आणि म्हणाली, मला इथे एक खाट द्या.

“पण तुम्ही ठणठणीत आहात,” मॅनेजर म्हणाला. “इथे राहायला काहीतरी आजार लागतो.”

“मग काय करू, पाय मोडून घेऊ?”

मी दारात उभी होते. मला इतका राग आला की तिथल्या तिथे रडू फुटलं. कुणाचा राग ते मात्र कळेना, मॅनेजरचा, आमदारांचा, की त्या खडीच्या रस्त्याचा.

आजार नाही म्हणून सगळा खर्च तिचा, या अटीवर शेवटी खाट मिळाली. शेत भाड्यानं गेलं, कोंबड्या शेजाऱ्यांनी नेल्या, आणि साठ वर्षं संसार केलेलं घर कुलूप लावून उभं राहिलं. अर्डिसची खोली आता चादरींच्या कोठीशेजारी आहे. तिथून गावसुद्धा दिसत नाही, नुसती पाण्याची टाकी दिसते. ती त्याबद्दल कधी बोलत नाही. आमच्या सुपात मीठ कमी असतं, याबद्दल मात्र रोज बोलते.

बाराच्या सुमारास ती मायलोची चाकाची खुर्ची ढकलत जेवणघराकडे येते. समोरून कोणी आलं तर हँडलवरचं एक बोट उचलते. बहुतेक वेळा कोणी येत नाही, कारण बाकीचे आधीच येऊन बसलेले असतात. अख्खा व्हरांडा रिकामा असतो. तरी ती उजव्या भिंतीला धरूनच चालते.