बाळाविना बाळंतपण

गर्भपिशवीच्या तोंडावरचा खराब झालेला एवढासा भाग डॉक्टरीणबाईंनी सकाळी काढला आणि दुपारी मी सानपाडा गावातल्या घरी परत आले. कॅन्सर नव्हता, पुढे होऊ नये म्हणून घेतलेली खबरदारी. पंधरा दिवस जड उचलायचं नाही, थोडं रक्त जाईल, घाबरायचं नाही, बस. मला धास्ती एकाच गोष्टीची होती, गल्लीत कळता कामा नये. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

सासूबाईंना, म्हणजे मालतीबाईंना, सांगणं भाग होतं. त्यांनी पूर्ण ऐकलंच नाही. ‘पिशवी’ एवढा शब्द कानावर पडला आणि त्या कामाला लागल्या. त्यांच्या लेखी पिशवीचं काहीही बिघडो, उपाय एकच, बाळंतिणीचा. माझ्या कानांना फडकं बांधलं, खाटेखाली शेगडी सरकवली, ओवा-बाळंतशोपांची धुरी दिली, डिंकाचे लाडू वळले. तेही मे महिन्यात!

“आई, मी बाळंत नाही झालेय!” घामाने निथळत मी ओरडले.

“गप ऱ्हा, उन्नती. पिशवी ती पिशवी.”

व्हायचं तेच झालं. धुरीचा वास गल्लीभर गेला आणि बाळाचा मात्र पत्ता नाही. चौथ्या दिवशी माझा नवरा रूपेश नाक्यावरून तोंड पाडून आला.

“लोक बोलतात, आपण पाडलं,” तो म्हणाला. “दुसरी पण मुलगीच होती म्हणून.”

आमची एकुलती एक लेक बाजूलाच चित्र रंगवत बसली होती. मी रडले आणि सासूबाईंवर असा काही राग आला की लाडवांचा डबा भिरकावून दिला. त्यांनी खाली बसून एकेक लाडू गोळा केला.

“चूक माजी हाय,” त्या म्हणाल्या. “मीच निस्तरनार.”

संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या बायका ओट्यावर जमवल्या. माझी खाट खिडकीशीच होती. आता ही बाई काहीतरी थाप मारणार, कावीळबिवीळ म्हणणार, असं मी धरून चालले होते.

“माजे सुनेनं पोर पाडलेली नाय,” सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “तिचे पिशवीचे तोंडाला खराबी होती. ती वेळेवर डाक्टरकडं गेली, काढून घेतली. शेक मी दिला, कारन मला अक्कल नाय. तिला हाय.”

मी उठून बसले. खरं तर लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण मला या बाईचा अभिमान वाटत होता. गल्लीसमोर स्वतःला बिनअकलेची म्हणवून घ्यायला छाती लागते.

शेजारच्या चांगुणाबाईंनी लगेच काडी टाकली. “आनि मालती, तू गेलीस कदी तपासायला?”

साठी उलटली तरी सासूबाईंनी डॉक्टरला जीभसुद्धा दाखवली नव्हती. तिन्ही बाळंतपणं घरातच झालेली.

“नाय गेली,” त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “पाळी बंद होऊन धा वरसं झाली. दोन वरसांपासून परत रक्त जातंय. कोनला बोलली नाय. भ्या वाटतंय.”

चांगुणाबाईंनी सरकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी मोबाइल घेतला, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला आणि खिडकीतूनच विचारलं, “आई, उद्या सकाळी दहाला जमेल?”

“जमंल,” त्या म्हणाल्या. मग वळून माझ्याकडे बघितलं. “पन तू आतमदी येशील ना माजेसंगती?”