मांडवातला तांबेरा

चूक नमिताचीच होती. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या मुलीला पानाची नस न् नस कळते, पण शेजारीपाजारी कळतातच असं नाही.

तिला उसाच्या जातींवर पडणाऱ्या पानांच्या रोगांची पाहणी करायची होती. वर्ग शेतावर गेला तेव्हा ही टायफॉइडने अंथरुणात. तिच्या माणिक मॅडमनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत पन्नास उसांची नोंद, जात आणि रोगासकट, नाहीतर प्रकल्प पुढच्या वर्षी. म्हणजे मैत्रिणी पास होऊन मोकळ्या आणि ही एकटी मागे. भांडुपमध्ये उसाचं शेत आणायचं कुठून? पण तुळशीची लग्नं आली आणि सोसायटीच्या पन्नासही घरांत पानांसकट ऊस उभे राहिले, कुठे काळे, कुठे पांढरे. नमिता हरखून गेली.

शनिवारी दुपारी तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'उद्या सकाळी प्रत्येक घरच्या उसाच्या पानांवरचे रोग तपासायला येणार आहे.' झालं. लग्नाच्या मांडवात रोग आहे असं शेजाऱ्यांसमोर कोण कबूल करणार?

रविवारी ती भिंग आणि वही घेऊन निघाली, तर औषधाला एक ठिपका सापडेना. डागाळलेली पानं सगळीकडे छाटलेली. काही ऊस मुंज झालेल्या बटूसारखे, शेंडीपुरती दोन पानं राखलेले. चौथ्या मजल्यावरच्या सुगंधाताईंनी तर उरलेली पानं खोबरेल तेलाने पुसली होती. "बघ, आमचा कसा एकदम झकास," त्या कौतुकाने म्हणाल्या.

नमिता जिन्यात बसून रडू लागली. सोसायटीच्या सेक्रेटरी रत्नप्रभाकाकू खालून वर येत होत्या.

"रडतंस कित्याक गो?"

"वाट लागली, काकू. उद्या मॅडमना पन्नास नोंदी हव्यात, एकही कमी चालत नाही. मला रोगच हवा होता. सगळ्यांनी कापून टाकला."

"टाकला नाही. मांडवातली पानं कचऱ्यात कोण टाकील? खाली निर्माल्याच्या पिंपात आहेत."

पिंप खरंच भरलेलं होतं. तांबेरा होता, तपकिरी ठिपके होते, पिवळे पट्टेही होते. नमिताचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. कुठलं पान काळ्या उसाचं, कुठलं पांढऱ्या, हे कसं कळणार? त्याशिवाय नोंदीला काही अर्थ नव्हता.

काकूंनी एक पान उचलून त्याची कापलेली कड निरखली. "हे विळीने कापलंय. हे कात्रीने, तेही बोथट. उरलेला तुकडा उसावरच आहे ना? जुळवून बघ."

मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'नमिताला रोगट पानंच हवी आहेत. चांगल्या पानांना मार्क नाहीत.'

अर्ध्या तासात पिंपाभोवती ही गर्दी. सकाळी सोवळे असलेले लोक आता रोगावर हक्क सांगू लागले. "आमच्या पानावर दोन रोग आहेत, नीट बघ," सुगंधाताई म्हणाल्या. "दोन कसले, एक अगरबत्तीचा चटका आहे," त्यांच्या शेजारीणबाईंनी ऐकवलं. पत्रिका जुळवावी तशी पानं मजल्यामजल्यावर नेऊन जुळवली गेली.

पाच वाजेपर्यंत एकोणपन्नास घरं झाली. पिंपात एकच लांबलचक पान उरलं. नुसता तांबेरा, बोट फिरवलं की विटकरी पूड लागत होती. कुणीच पुढे येईना. घरही एकच उरलं होतं, रत्नप्रभाकाकूंचं. पौर्णिमेला त्यांच्या मुलीला, रुचिकाला, पाहायला माणसं येणार होती. आधीची दोन स्थळं ठरता ठरता मोडली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लग्नाच्या मांडवात रोग म्हणजे अपशकुन.

नमिताने वही मिटली. "एकोणपन्नास चालतात," ती म्हणाली.

"मॅडमना चालत नाहीत, तूच सांगितलंस," काकू म्हणाल्या. त्यांनी पान उचललं आणि सगळ्यांसमोर धरलं. "माझं आहे. काल मीच कापलं, दार लावून."

"पण काकू, रुचिका..."

"तिचं व्हायचं तेव्हा होईल. एका पानापायी तुझं वर्ष घालवू? लिही. खोली एकशे दोन, काळा ऊस, तांबेरा. आणि पुढे नाव घाल, रत्नप्रभा जयवंत परब."

"नावाचा रकाना नाहीये, काकू."

"मग आख."

नमिताने पट्टी घेतली आणि रकाना आखला.